चांगदेव योजना, अटी लागू

हे तुम्हाला पटणार नाही. मी आजवर ज्या गोष्टी सांगितल्या त्या बहुतेक सगळ्यांना पटल्या, आणि त्यातली एकही खरी नव्हती. ही मात्र अक्षरशः खरी आहे, त्यामुळे तिच्यावर कोणी विश्वास ठेवेल ही आशा मी आधीच सोडली आहे.

निमित्त झालं दक्षताचं. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या 'मधुमालती' सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर नुकतीच भाड्यानं आलेली मुलगी, बँकेत नोकरी. परवा संध्याकाळी मी आणि तळमजल्याचा चांगदेव पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा ती हातातल्या रंगीत जाहिरातींनी वारा घेत आली.

"काका, घरी फोन घ्यायचाय. आई येणारे राहायला, तिला मोबाइल जमत नाही. मी काल कल्याणला गेलेले त्या कंपनीच्या ऑफिसात, डोकं आउट झालं. नुसता फोन घेतला तर महाग, नेटबरोबर घेतला तर स्वस्त, वर टीव्ही घेतला तर अजून स्वस्त. नक्की कुठला घेऊ?"

चांगदेव ताबडतोब म्हणाला, "मला तीनशेत पडतं. फोन, इंटरनेट, टीव्ही, सगळं धरून."

हे वाक्य तो गेली कित्येक वर्षं म्हणतो आहे. मी म्हटलं, "दक्षता, बस इथं. ह्या तीनशे रुपयांनी काय अनर्थ केला ते तुला कळलं पाहिजे."

"प्रभाकर, उगाच काहीतरी सांगू नकोस हं पोरीला," चांगदेव म्हणाला.

"बरं. मग तुझं मागच्या महिन्याचं बिल दाखव."

चांगदेव समोरच्या पारिजातकाकडे निरखून पाहू लागला. "सांग," तो म्हणाला. "मला काय."

मी सांगू लागलो.

आमच्या घरी एक फोन होता. पिस्ता रंगाचा, वर सुहासिनीनं विणलेला रुमाल. सुहासिनी म्हणजे आमचं कुटुंब. हा फोन बोलण्यासाठी नव्हता, वाजण्यासाठी होता. तिची थोरली बहीण भागीरथीताई ठाण्याला कोपरीत एकट्या राहतात. रोज दिवेलागणीला त्या आमच्या नंबरावर दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. अर्थ असा, की मी बरी आहे, दाराला कडी घातली. इकडून सुहासिनी एक रिंग द्यायची. अर्थ असा, की कळलं. कोणी उचलायचं नाही, त्यामुळे कोणाचा पैसा जायचा नाही. घरात फोन आला त्या दिवसापासून दोघी बहिणींचा असा अखंड संवाद होता आणि त्यात त्या एकमेकींशी एक अक्षरही बोललेल्या नव्हत्या.

एकदा मी चुकून फोन उचलला. पलीकडून ताईंचा पहिला प्रश्न आला, "कोण गेलं?"

कोणीही गेलेलं नाही म्हटल्यावर त्या भडकल्या. "मग उचललात कशाला? फुकटचा एक कॉल गेला ना माझा!" त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला त्या आमच्याकडे आल्या नाहीत.

तर असा सगळा आनंद होता. पण एके दिवशी सुहासिनीनं पोळी वाढली, म्हणजे ताटात टाकली, आणि म्हणाली, "चांगदेवभाऊजींना तीनशेत पडतं. आपण एक शब्द बोलत नाही, तरी दुप्पट भरतो."

"बदलून टाकतो," मी म्हणालो.

"बदला. पण नंबर तोच राहायला हवा. ताईला आता ह्या वयात दुसरा नंबर पाठ होणार नाही. मोबाइलवरून केला तर ती उचलत नाही, कोणीतरी गेलं असं समजून देवापाशी दिवा लावून बसते. तिच्या रिंगा ह्याच घरात वाजल्या पाहिजेत. नाही वाजल्या तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, आणि तुमच्याही मी उतरू द्यायची नाही."

आता तुलना हा माझा प्रांत. सगळी नोकरी मी एका कार्यालयाच्या निविदा शाखेत तुलनात्मक तक्ते करण्यात घालवली. माझे तक्ते इतके निर्दोष असत, की त्यातली एकही वस्तू तिचा उपयोग असेपर्यंत खरेदी झाली नाही. पंख्यांची तुलना पुरी झाली तेव्हा पाऊस लागला होता. मग छत्र्यांची तुलना हाती घेतली, ती पुरी झाली तेव्हा मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात साहेब गहिवरून म्हणाले, की प्रभाकररावांमुळे कार्यालयाचा अतोनात खर्च वाचला.

नियमानुसार मी 'गृहदूरध्वनी एकत्रित योजना तुलना उपसमिती' स्थापन केली. अध्यक्ष मी, सचिव मी, सदस्य सुहासिनी. सदस्यांनी पहिल्याच बैठकीत भिन्नमत नोंदवलं आणि त्या कुकर लावायला निघून गेल्या. गणसंख्या पूर्ण असल्याचं मी रिकाम्या खोलीत जाहीर केलं.

प्रचलित दर माहीत झाल्याशिवाय तुलना करता येत नाही. म्हणून मी मजल्यामजल्यावर जाऊन कोणाला कितीला पडतं ते विचारलं. तळमजला, म्हणजे हा चांगदेव, तीनशे. पहिल्या मजल्यावर आमच्या समोरच्या रमाबाई म्हणाल्या, "तीनशे? लुटलं हो भाऊजींना. आम्हाला अडीचशे." दुसऱ्या मजल्यावर दोनशे, वर दिवाळीला मिठाईचा डबा. तिसऱ्यावर शंभर. चौथ्यावर फुकट. धापा टाकत पाचव्या मजल्यावर पोचलो, तर तिथं कंपनीच दर महिन्याला त्या कुटुंबाच्या खात्यात दीडशे रुपये जमा करत होती.

"सहावा मजला असता तर?" दक्षतानं विचारलं.

"तर कंपनी आज आपल्या सोसायटीच्या मालकीची असती."

"प्रभाकर, मी तरी..." चांगदेवनं तोंड उघडलं.

"बिल?"

चांगदेव पुन्हा पारिजातकाकडे वळला.

ह्यात कोणी खोटारडा आहे असं मात्र समजू नकोस, मी दक्षताला म्हटलं. आपल्याकडे घेतलेल्या वस्तूची किंमत थोडी उतरवून सांगायची असते. साडी घेतली की नवऱ्याला एक किंमत, जावेला दुसरी. महागात पडलं हे कबूल करणं म्हणजे आपण मूर्ख ठरलो हे कबूल करणं, आणि तेवढ्यासाठी कोणी शिक्षण घेतलेलं नसतं. मी तरी कुठला निराळा? तक्ता घेऊन घरी आलो आणि सुहासिनीसमोर छाती काढून म्हणालो, "मला एकशेनव्वदला मिळतंय. बोलणी जवळजवळ झालीच आहेत." बोलणी अजून सुरू व्हायची होती.

ती सुरू करायला मी कल्याणला 'एकगाठ कम्युनिकेशन्स'च्या कार्यालयात गेलो. शीळफाट्याच्या रस्त्यावर रिक्षा इतका वेळ उभी राहिली, की दरम्यान कंपनीचे दर दोनदा बदलले. काउंटरवर ऐश्वर्या नावाची मुलगी होती. कानाला हेडफोन, चेहऱ्यावर कंपनीनं दिलेलं हसू.

"सर, नुसता फोन सहाशे. फोन आणि इंटरनेट पाचशे. फोन, इंटरनेट, टीव्ही आणि एकोणीस ॲप, चारशे."

"म्हणजे जितकं जास्त घ्यावं तितकं स्वस्त?"

"सर, त्यालाच बंडल म्हणतात. राउटरचं भाडं, अनामत आणि जीएसटी वेगळा."

"मला फोनवर बोलायचंसुद्धा नाही. दिवसाला फक्त दोन रिंगा आत आणि एक बाहेर. तेवढ्याचं काय घ्याल?"

तिनं बराच वेळ संगणकात पाहिलं. "सर, ते सगळ्यात महाग पडेल. त्यात काहीच येत नाही ना."

मग मी तक्ता पुढे सरकवला. "ते राहू द्या. मला चांगदेवचा प्लॅन द्या."

तिनं तळमजल्यापासून वाचायला सुरुवात केली. चौथ्या मजल्यापर्यंत तिचं हसू उतरलं आणि पाचव्या मजल्यावर तिनं हेडफोन काढला. "सर, हे कोण देतं?"

"लोक म्हणतात, तुम्हीच."

तिनं तक्त्याचा फोटो काढला आणि ती आतल्या केबिनकडे धावत गेली.

आता मोठ्या कंपन्या कशा चालतात ते बघ. त्या आपल्यासारख्याच चालतात. आपल्या दुकानात काय आहे ते पाहायचं नाही, शेजाऱ्याला कितीला पडतं ते विचारत सुटायचं. 'एकगाठ'ला वाटलं हा दर त्यांची स्पर्धक कंपनी 'घरसंवाद' देते, 'घरसंवाद'ला वाटलं 'एकगाठ' देते. दोघांची माणसं पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायच्या मिषानं आपल्या इमारतीत हिंडू लागली आणि जिन्यात एकमेकांना यंत्रं दाखवू लागली. त्यांनीही मजल्यामजल्यावर विचारलं. आणि परका माणूस विचारतोय म्हटल्यावर आपल्या लोकांनी दर आणखी उतरवले. पाचव्या मजल्यानं तर कंपनी आपल्याला वर्षातून एकदा महाबळेश्वरला नेते असंही सांगून टाकलं.

दोन्ही कंपन्यांचं धाबं दणाणलं. शेवटी 'एकगाठ'नं हिय्या केला आणि फाटकावर फलक लागला. चांगदेव योजना! तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत, ज्याला जो दर पडतो तो अधिकृत. खाली बारीक अक्षरात एकच अट होती. 'सदर योजना ज्या ग्राहकांकडे ती अगोदरपासून आहे, केवळ त्यांनाच लागू राहील.'

दक्षता हसायला लागली. "काय काका! ज्याच्याकडे आहे त्यालाच? असं कधी असतं का?"

"तू बँकेत आहेस ना? तुम्ही कर्ज कोणाला देता?"

दक्षता हसायची थांबली.

रविवारी ह्याच टाकीपाशी ऐश्वर्या टेबल टाकून बसली. प्रत्येकाला एकच प्रश्न. "आपल्याकडे चांगदेव योजना आहे?" सगळी सोसायटी रांगेत उभी, ज्याच्या त्याच्या मागे ज्याचा त्याचा शेजारी. नाही कोण म्हणणार? पहिली सही ह्याची. मग रमाबाईंची. पाचव्या मजल्यानं तर सही करून महाबळेश्वरची तारीख विचारली. माझा नंबर आला तेव्हा सुहासिनी गॅलरीतून पाहत होती. मी लपेटदार सही केली, पुढे कंसात 'एकशेनव्वद' असं अक्षरी लिहिलं आणि वर पाहून हात हलवला. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, निविदा शाखेत गेलेला जन्म वाया गेला नाही.

आठवड्याभरात सगळ्यांना एकच पत्र आलं. 'ज्याअर्थी आपणाकडे चांगदेव योजनेखालील जोडणी चालू असल्याचं आपण लेखी मान्य केलं आहे, त्याअर्थी आपली अन्य जादा दराची जोडणी दुबार ठरते. सबब ती तात्काळ बंद करण्यात येत आहे. आपल्या बचतीबद्दल अभिनंदन.' आमच्या पिस्ता फोनच्या कंपनीनंही तोच न्याय लावला. ग्राहक जायच्या बाबतीत ह्या कंपन्यांचा एकमेकींवर गाढ विश्वास असतो.

म्हणजे, दक्षता, जी जोडणी होती ती गेली, आणि जी नव्हती ती चालू राहिली.

तक्रार करायची तर आधी खोटं बोललो हे मान्य करायला हवं. एकानंही केली नाही. मेलेले फोन कानाला लावून लोक गॅलरीत मोठमोठ्यानं बोलू लागले. रमाबाई बंद फोनवरून मुलीला रोज पुरणपोळीची कृती सांगत आणि पलीकडून शंका आल्यासारखं थांबत. आणि हा चांगदेव काळ्याठिक्कर टीव्हीसमोर बसून क्रिकेट पाहायचा. आउट झालं की आरोळी ठोकायचा.

"अरे, माझा टीव्ही..." चांगदेव अर्धा उठला.

"हो, तुझा टीव्ही. कितीला पडतो म्हणालास?"

तो बसला. एव्हाना वरच्या खिडक्यांतून बरीच डोकी बाहेर आली होती. आपापली नावं गोष्टीत येतात का ते प्रत्येक जण ऐकत होता, आणि आली तरी कोणी ब्र काढत नव्हतं. का काढत नव्हतं ते मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मी इतक्या मोठ्यानं सांगत होतो.

"काका, मग काकूंच्या ताई?" दक्षताचा आवाज बदलला होता. "त्यांच्या रिंगा?"

इथंच माझी खरी फजिती झाली. पहिल्याच संध्याकाळी सुहासिनी फोनपाशी येऊन बसली. दिवे लागले, उदबत्ती विझली, रुमालावरची धूळ झटकून झाली, फोन काही वाजेना. तिचा चेहरा मला पाहवेना, आणि एकशेनव्वदचं खोटंही कबूल करवेना. मी गॅलरीत गेलो. पडद्यामागे जुन्या सायकलची घंटी पडली होती. ट्रिंग, ट्रिंग.

"वाजल्या गं बाई," सुहासिनी म्हणाली, आणि मेलेल्या फोनवरून तिनं कोपरीला एक रिंग दिली. ती निवांत जेवली. मी ताटावर बसलो, पण घास माझ्याच घशात अडकला. कारण ताई खरंच बऱ्या आहेत का हे आता कोणालाच माहीत नव्हतं. मला तर मुळीच नव्हतं, आणि घंटी तर मी वाजवत होतो.

शेवटी एके दिवशी मी खाली उतरून मोबाइलवरून माझाच जुना नंबर फिरवला. चक्क लागला.

"कोन?" पलीकडे एक जाड आवाज.

"हा माझा नंबर आहे," मी म्हणालो.

"व्हता. आता माजा हाय. दाजी कोळी, कोलशेत. आनी तुमी कोन? ती दोन रिंगांची आजी तुमचीच का?"

दाजीनं सगळं सांगितलं. नवीन फोन घेतल्याच्या पहिल्याच संध्याकाळी दोन रिंगा आल्या आणि बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याची सून मेघाली त्या रिंगांवर भात ठेवू लागली. खाडीवरून पोरं येईतो भात बरोब्बर तयार. आणि मग एका संध्याकाळी रिंगा आल्याच नाहीत.

"भात रायला ना तसाच," दाजी म्हणाला. "म्या बोललू, म्हातारीला काय झाला का काय. नंबर दिसत व्हता, लावला, त उचलत नाय. टेलिफोनवाल्याला इचारलं, त्यो बोलला कोपरीची एकटी म्हातारी हाय, मंग सुटलू कोपरीला. बाजारात इचारलं, दोन रिंगांची आजी कुठं ऱ्हाते? लगेच दावला घर."

कारण कोपरीत ताईंची कीर्ती होतीच. दूधवाला, इस्त्रीवाला, वाणी, सगळ्यांचा कारभार त्या रिंगांवरच चालवतात. दाजीनं दार वाजवलं. ताईंनी आतूनच विचारलं, "कोण गेलं?"

कोणी गेलेलं नव्हतं. ताई रुसल्या होत्या. इतके दिवस दोन रिंगा देतेय, सुहासिनीची उलट रिंग नाही, बहीण माजली, आता मीही देत नाही. दाजीला एवढंच कळलं, की एक रिंग परत द्यायची राहते आहे. तेव्हापासून तो न चुकता देतो. जाताना त्यानं ताईंना खाडीतली मासळी, ताज्या निवट्या, दिल्या. ताईंनी त्या शेजारी देऊन टाकल्या आणि पिशवी मात्र दोन दिवस ओट्यावर ठेवली.

मी हात जोडून म्हणालो, "दाजी, नंबर परत द्या हो. बायकोला ठाऊक नाही."

"नाय द्येनार," दाजी म्हणाला. "आमचा भात येळेवं शिजतो."

आता तुझ्या लक्षात येईल, दक्षता. ताईंच्या रिंगा कोलशेतला वाजतात, उलट रिंग कोलशेतहून जाते, ताई सुखी, दाजी सुखी, मेघालीचा भात सुखी. आमच्या घरी फोन नाही. रोज दिवेलागणीला मी पडद्यामागे उभा राहून सायकलची घंटी वाजवतो, म्हणून सुहासिनी सुखी. म्हणून तुला सांगतो, प्लॅन कुठलाही घे, पण शेजाऱ्याला विचारून घेऊ नकोस.

दक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी खांद्यावरचा पंचा झटकला. अशा वेळी गोष्ट सांगणाऱ्यानं उठून चालू पडायचं असतं. उठलो असतो तर ही गोष्ट आज डोंबिवलीत खरी म्हणून चालली असती. पण कौतुक ऐकायला मी क्षणभर बसून राहिलो.

आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला. ट्रिंग, ट्रिंग. आणि थांबला.

मागोमाग सुहासिनीचा. "वाजल्या गं बाई!"

दक्षतानं माझ्याकडे पाहिलं. "काका, ही घंटी?"

"घंटीच," मी म्हणालो. "सायकलची."

चांगदेवनं एकदा पारिजातकाकडे पाहिलं, एकदा वर खिडक्यांकडे. त्याच्या मानेची शीर फुगली. काय बोललं तर आपलं काय जाईल ह्याचा हिशेब त्याच्या तोंडावर उघड दिसत होता. मग तो ताडकन उठला.

"घंटी तू वाजवतोस ना? मग हा इथं बाकावर कोण बसलाय? फोन चालू आहे तुझा, थापाड्या! तोच पिस्ता, तोच नंबर! काही बदललं नाहीस तू, मेव्हणीच्या दोन रिंगांसाठी महिन्याच्या महिन्याला मुकाट बिल भरतोस आणि आम्हाला कोलशेत फिरवून आणतोस! हे घे, माझं येतं अकराशे चाळीस. ऐकलंस गं दक्षता? अकराशे चाळीस, दर महिन्याला! आणि तुम्ही सगळे काय फुकट ऐकत बसलाय तिथं? सांगा ना आता खरं, तुम्हाला कितीला पडतं?"